पासवर्डसाठी खिडकीवर चौकशी करावी

पासवर्ड हा विचारण्यासाठी असतो, असे माझे थोरले बंधू, नाना, मानतात. जगात इतरत्र तो लपवण्यासाठी असतो, हे त्यांच्या कानावर घालून पाहिले आहे. पण त्यांना ते पटत नाही. आमच्या घरात सर्वांचा मिळून एक कॉम्प्युटर आहे आणि त्याचा पासवर्ड नाना रोज सकाळी सहा वाजता बदलीत असत. बदलून झाला की जो विचारील त्याला सांगत. घरच्यांना सांगत, शेजारच्या अक्कांना सांगत. एकदा गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसाने चपला काढता काढता 'काय नाना, काय नवीन?' असे म्हटले, तर त्यालाही त्यांनी तो सांगितला. त्या बिचाऱ्याने तो दोनदा मनाशी घोकला आणि सही घेऊन निघून गेला.

अट एवढीच की विचारले पाहिजे. न विचारता ते सांगत नसत. पासवर्ड चुकला की पडद्यावर एक छोटी ओळ उमटते. विसरलेल्याला आठवण व्हावी म्हणून तिथे काहीतरी खूण लिहून ठेवता येते. नानांनी त्या जागी लिहिले होते, 'खिडकीवर चौकशी करावी.'

हे वाचून हसू येते, मलाही येत असे. परंतु त्या पासवर्डावरून मी माझ्या भावाशी जे वागलो, ते सांगितल्याशिवाय नुसते हसवून हे लेखन संपवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. म्हणून दोन्ही सांगतो.

नाना माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे. आमचे मूळ गाव एरंडोल तालुक्यातले, त्यामुळे ते रागात नसले की बोलता बोलता अहिराणीत शिरतात आणि रागात असले की शुद्ध मराठी बोलतात. नोकरीची सारी वर्षे त्यांनी बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत काढली. आधी धुळ्याला, शेवटची काही वर्षे जळगावला. कॉलेजात असताना मी धुळ्याला त्यांच्याकडे राहत होतो. दुपारी वहिनींनी दिलेला डबा घेऊन जायचो आणि त्यांचे जेवण होईपर्यंत आत एका पत्र्याच्या पेटीवर बसून राहायचो. त्यामुळे नानांची खिडकी मी आतून पाहिली आहे.

बाहेरून कोणीतरी घाईने तोंड घालून नुसते 'शिरपूर?' म्हणे.

नाना शांतपणे विचारीत, "शिरपूरचं काय? गाडी पाहिजे, वेळ पाहिजे, का सोयरीक पाहिजे?"

"गाडी हो, गाडी."

"मग गाडी म्हणा. गाडी तीन नंबरला लागेल. पण तिच्यात जागा मिळायची नाही. अर्ध्या तासानं दुसरी आहे, ती घ्या, बसून जाल. आणि पिशवीचा बंद सुटलाय तुमच्या."

अपुरा प्रश्न त्यांना चालत नसे, आणि अपुरे उत्तर तर त्यांनी कधी दिलेच नाही. सातपुड्याच्या पायथ्याकडून एक म्हातारी बाई मधूनमधून येत असे. तिची बोली नानांना निम्मीच कळे. ती आली की ते खिडकी बंद करून बाहेर येत, तिला फलाटापर्यंत नेत, गाडीत बसवीत आणि वाहकाला तिचे गाव सांगून परत येत. तोवर खिडकीपुढे रांग लागलेली असे आणि लोक चिडलेले असत. नाना फळी वर करीत म्हणत, "चौकशी पोचवायला गेलो होतो. हं, बोला."

त्यांचे एक ठरलेले वाक्य होते, 'अंदाजानं चढला तो चोपड्याला उतरला.' धुळ्याहून जळगावला निघालेला कोणी एक शिकलेला माणूस न विचारता गाडीत बसला आणि भलतीकडे गेला, अशी त्यामागची हकिकत होती. ती खरी असेलच असे नाही. पण पुढे आमच्या घरात कोणी चव न पाहता भाजीत मीठ घातले, किंवा माप न घेता शर्ट शिवायला टाकला, तरी चोपडा निघायचाच.

सेवानिवृत्त झाल्यावर, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी वहिनी गेल्यावर, नाना आमच्या जळगावच्या घरी राहायला आले. त्यांना मूलबाळ नाही. त्यांनी येताना एक ट्रंक, एक गादी आणि वेताने विणलेल्या पाठीची लाकडी खुर्ची आणली. खुर्ची त्यांनी बाहेरच्या ओट्यावर, बैठकीच्या जाळीच्या खिडकीला लावून ठेवली. आतल्या बाजूला त्याच खिडकीखाली आमचे कॉम्प्युटरचे टेबल होते. ही मांडणी कोणी ठरवून केली नव्हती, पण नानांच्या दृष्टीने ती फार सोयीची निघाली.

पहिली दोनतीन वर्षे गल्लीतले लोक त्यांना गाड्यांच्या वेळा विचारायला येत. नंतर सर्वांच्या हातांत फोन आले आणि विचारणारे कमी होत गेले. नानांना त्याचा राग नव्हता. ते एकदा अक्कांना म्हणाले, "फोन सांगतो ना, बरोबर सांगतो. पण कुठून आलात, कोण आजारी आहे, हे नाही विचारत तो. गाडीची वेळ काय, भिंतीवर पण लिहिलेली असते."

मग आमच्याकडे दिवाळीला पाहुणे आले. त्यांच्या मुलांनी कॉम्प्युटरवर खेळता खेळता माझी एक फाइल पुसून टाकली. मी एका कनिष्ठ महाविद्यालयात कार्यालय अधीक्षक आहे, आणि ती परीक्षेच्या बैठकव्यवस्थेची फाइल होती. मी म्हणालो, आता पासवर्ड लावलाच पाहिजे. आमची मुलगी मनाली तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिने पासवर्ड कसा लावतात आणि कसा बदलतात हे नानांना एका दुपारी शिकवले. घरात दिवसभर तेच असतात, तेव्हा त्यांच्याकडेच राहू द्या, असे तिने सुचवले. मलाही ते सोयीचे वाटले. माझ्यावरचे एक काम कमी झाले, एवढाच विचार मी केला.

पहिल्या दिवशीचा पासवर्ड 'जळगाव' होता आणि त्यापुढे गाडी सुटण्याची वेळ. दुसऱ्या दिवशी 'पाळधी'. तिसऱ्या दिवशी 'एरंडोल'. मग 'पारोळा', मग 'मुकटी'. म्हणजे धुळ्याची गाडी रोज एक थांबा पुढे जात होती. पुढच्या सकाळी माझी पत्नी सुनंदा कोणालाही न विचारता टेबलाशी बसली आणि तिने 'फागणे' टाकून, वेळही अंदाजाने जुळवून, कॉम्प्युटर उघडला. खिडकीबाहेर नाना ताठ झाले. थोड्या वेळाने ते म्हणाले, "तिकीट काढलं नाही." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मार्ग बदलायला सुरुवात केली. आज असोदा तर उद्या शिरपूर, परवा बंद पडून जमाना झालेल्या एखाद्या मुक्कामी गाडीचे गाव. ते ओळखणे कोणालाही शक्य नव्हते. विचारण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

आणि विचारायला गेल्यावर नुसता पासवर्ड मिळत नसे.

"नाना, पासवर्ड," मनाली खुर्चीत बसता बसता जाळीतून म्हणे.

"नाश्ता झाला?"

"झाला. नाना, मला प्रॅक्टिकलची फाइल छापायची आहे, उशीर होतोय."

"काय खाल्लं?"

"पोहे."

"पोहे काल व्हते. आज उपमा शे, मला वासावरून समजलं. म्हणजे तू खाल्लं नाही. खाऊन ये. पासवर्ड कुठं जास?"

ती पाय आपटत जाई, खाऊन येई आणि मग तिला पासवर्ड मिळे. वर त्या गावाला पूर्वी किती गाड्या जात आणि तिथे चहा कसा मिळे, हेही मिळे.

सुनंदाची गोष्ट याहून निराळी होती. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, डोक्यावर पदर घेते आणि त्यांच्याशी सहसा सरळ बोलत नाही. सुनंदा अंगणवाडीत काम करते, सभांमधून भाषणे करते; पण नानांपुढे तिने ती रीत कटाक्षाने पाळली होती. चहा झाला की ती भिंतीकडे पाहून म्हणे, "नानांना म्हणावं, चहा ठेवलाय." नाना भिंतीलाच उत्तर देत, "म्हणावं, आलो." लग्नापासून हे असेच चालत आले होते. पण अंगणवाडीचे अहवाल तिला कॉम्प्युटरवर करावे लागत, आणि पासवर्ड काही भिंत सांगणार नव्हती. पहिल्या दिवशी ती जाळीपाशी बराच वेळ उभी राहिली. मग पदर सारखा करून म्हणाली, "नाना, आजचं काय आहे?" नाना बाहेर पाहत राहिले आणि त्यांनी सांगितले. पुढे दोघे रोज चारदोन वाक्ये बोलू लागले. मध्ये जाळी असल्यामुळे दोघांनाही ते सोपे गेले असावे.

आणि मी. मी सकाळी आठच्या सुमाराला, एका हातात डबा घेऊन, टेबलाशी वाकून विचारायचो, "नाना, पासवर्ड?" ते सांगत. पुढे ते काही बोलत आहेत हे मला ऐकू येत असे. मी 'हो, हो' म्हणत असे. आयुष्यभर कार्यालयात मी लोकांना 'हो, हो' म्हणत आलो आहे. त्याचा अर्थ 'मी ऐकत नाही' असा होतो, हे मला ठाऊक आहे.

मग तो रविवार आला. दुपारी बाराच्या आत मला महाविद्यालयाची एक दुरुस्ती यादी घरूनच ऑनलाइन पाठवायची होती. सकाळी सहाला मी अर्धवट झोपेत असताना नाना माझ्या खाटेपाशी आले. डोक्यावर टोपी होती, हातात पिशवी होती.

"बापू, विचारून घे बरं," ते म्हणाले.

"हो, हो. या तुम्ही," मी कूस बदलली.

ते जरा वेळ तिथेच थांबले. त्यांची सावली माझ्या डोळ्यांवर होती, म्हणून मला कळले. मग चपलांचा आवाज दारापर्यंत गेला.

नऊला मी टेबलाशी बसलो आणि खिडकीतून विचारले. खुर्ची रिकामी होती. मी कालचे गाव टाकून पाहिले, आणि पडद्याने चौकशी करायला सांगितले. मी नानांना फोन लावला. तो त्यांच्या कपाटात वाजला, कारण फोन बाहेर नेला तर हरवतो म्हणून तो घरीच ठेवावा, असे त्यांचे मत आहे.

त्यानंतरचा तास आमच्या घराने खानदेशात फिरण्यात घालवला. मनाली गावे सांगत होती, मी टाकत होतो, सुनंदा वेळा आठवून देत होती. अमळनेर झाले, धरणगाव झाले, साक्री झाले. अक्का कुंपणावरून म्हणाल्या, "माझ्या माहेरचं टाकून पाहा. मागं एकदा ते होतं." त्यांचे माहेरही झाले. सुनंदाने शेवटी हळूच 'चोपडा' सुचवला आणि आम्ही तोही टाकला.

"पण नाना गेलेत कुठे?" मनालीने विचारले.

"गेले असतील बाजारात," मी म्हणालो.

सुनंदाला माहीत नव्हते. मनालीला माहीत नव्हते. मलाही माहीत नव्हते, आणि आपल्याला माहीत नाही याचे त्या वेळी मला काही वाटले नाही. मला यादीची घाई होती.

मी कार्यालयाकडे धावलो, तर किल्ल्या घेऊन शिपाई गावाला गेलेला. अर्ज भरून देणारे एक दुकान उघडे सापडले, तिथे कागदांवरून यादी पुन्हा टंकायला बसलो. ती पाठवायला गेलो तेव्हा बारा वाजून गेले होते आणि ती स्वीकारली गेली नाही. प्राचार्यांनी फोनवर 'उद्या लेखी खुलासा द्या' एवढेच म्हटले. माझ्या सबंध नोकरीत माझ्यावर खुलासा लिहिण्याची वेळ आली नव्हती.

संध्याकाळी नाना आले. कपाळाला शेंदूर होता, पिशवीत नारळ होता. दारातच त्यांनी विचारले, "झालं काम?"

"नाही झालं."

"मी म्हटलं होतं, विचारून घे."

"काय होता पासवर्ड, नाना?"

"पद्मालय," ते म्हणाले. "आणि सहा चाळीस. मी पद्मालयाच्या गणपतीला निघालो, तर दुसरं काय ठेवणार?"

सकाळी मी एवढेच विचारायला हवे होते, 'नाना, टोपी घालून कुठे निघालात?' म्हणजे पासवर्ड आपोआप हातात पडला असता. मला तो खुलासा लिहावा लागला नसता. हे त्याच क्षणी माझ्या लक्षात आले होते, असे मला आज वाटते. पण आपली चूक लक्षात आलेला माणूस त्या क्षणी फार निष्ठुर होतो.

मी आवाज चढवत नाही. याचा मला अभिमान होता आणि लोकही तसे म्हणतात. मी अगदी हळू म्हणालो, "नाना, घर म्हणजे बसस्टँड नव्हे. इथे माणसं राहतात, प्रवासी नाही."

नानांनी नारळ टेबलावर ठेवला. "बरोबर आहे," ते शुद्ध मराठीत म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी मी मनालीकडून कॉम्प्युटरवर प्रत्येकाचे स्वतंत्र खाते करून घेतले. ज्याचे खाते त्याचा पासवर्ड, कोणी कोणाला विचारायचे नाही. कार्यालयात आम्ही हेच करतो आणि ते योग्यच आहे. आधीचे सर्वांचे खाते नानांच्या नावाने राहिले.

"नानांना कोणता पासवर्ड ठेवू?" मनालीने विचारले.

"त्यांना कशाला? काढून टाक," मी म्हणालो.

नाना जाळीपलीकडून पाहत होते. "म्हणजे बठ्ठास्ना दारले कुलूप, आणि मन्हा दारले नही," ते म्हणाले. सगळ्यांच्या दाराला कुलूप, फक्त त्यांच्या नाही.

"तुमच्याकडे लपवण्यासारखं काय आहे, नाना?" मला वाटले, मी त्यांच्या सरळपणाची स्तुती करतो आहे.

ते हसले. "ते बी खरं शे."

त्यानंतर घर सुरळीत चालू लागले. आम्ही येत होतो, आपापला पासवर्ड टाकत होतो, काम करून उठत होतो. टेबलाची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला की जाळीपलीकडे नानांचे डोके वळे, आणि आत बोटे चालू लागली की पुन्हा रस्त्याकडे फिरे. मनाली नाश्ता न करता जाऊ लागली. सुनंदा पुन्हा भिंतीला चहाचे सांगू लागली. हे मी पाहत होतो. पाहत होतो असे आता म्हणतो, पण तेव्हा ते डोळ्यांपुढून जात होते, इतकेच.

पुढे मला परीक्षेच्या कामासाठी धुळ्याला आठ दिवस जावे लागले. परत आलो, रविवारी दुपारी जेवून टेबलाशी बसलो आणि माझा स्वतःचा पासवर्ड मला आठवेना. तो मी कोणालाही ओळखता येणार नाही असा घडवला होता. मोठी अक्षरे, लहान अक्षरे, मध्ये आकडे, शेवटी एक चिन्ह. तो चार वेळा चुकला. मुकाट्याने मी शेजारच्या नावावर, 'नाना' या नावावर टिचकी दिली. त्या दाराला कुलूप नव्हते.

आमच्या फाइली आपापल्या खात्यांत गेल्यावर आत एकच कप्पा उरला होता. त्याचे नाव 'गाड्यांचे वेळापत्रक' होते, त्यामुळे इतके दिवस तो समोर असूनही कोणी उघडला नव्हता. मी उघडला. त्याचे मला समर्थन करता येत नाही.

ते वेळापत्रक नव्हते. नानांनी एका बोटाने मराठी टंकून चौकशीची नोंदवही ठेवली होती, बसस्थानकात ठेवीत तशी. वेळ, विचारणाऱ्याचे नाव, काय सांगितले आणि शेवटी शेरा.

'मनाली. ७.१०. पासवर्ड दिला. शेरा : डोळे लाल. मैत्रिणीशी बोलणे बंद असावे. दोन दिवसांनी पुन्हा पाहणे.'

'मनाली. ७.२०. पासवर्ड दिला. शेरा : बोलणे सुरू झाले. उपमा दोनदा घेतला.'

'अक्का, शेजार. पासवर्ड दिला. त्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही. शेरा : अर्धा तास बसल्या.'

'सुनंदा. ९.३०. पासवर्ड दिला. शेरा : गुडघा दुखतो. अंगणवाडीचा जिना चढवत नाही. बापूला सांगू नका म्हणाली, काळजी करतील.'

'बापू. ८.०५. पासवर्ड दिला. शेरा : घाईत.'

माझ्या नावापुढे सगळीकडे तेच होते. घाईत. घाईत. एके ठिकाणी लिहिले होते, 'बापू आज थांबला. बाहेर पाऊस होता.'

त्या रविवारची नोंद मी दोनदा वाचली. 'बापू. चौकशी नाही. झोपेत होता.' आणि खाली, त्याच दिवशी संध्याकाळी लिहिलेले : 'बापूचे काम अडले. खुलासा द्यावा लागणार. दोष खिडकीचा. गाडी सुटण्यापूर्वी प्रवाशाला हाक मारणे हे खिडकीचे काम आहे.'

त्यानंतरच्या प्रत्येक दिवसापुढे एकच शब्द होता, निरंक. रकान्यात लिहिण्यासारखे काही नसले की आम्ही कार्यालयात हा शब्द लिहितो. मी स्वतः तो किती कागदांवर लिहिला असेल याला गणती नाही, आणि तो लिहिताना माझा हात कधी अडखळलेला नाही. नानांनी मात्र तो रोज नवीन ओळीवर, नवीन तारखेपुढे, पूर्ण टंकला होता. वरचा शब्द उचलून खाली ठेवता येतो हे त्यांना ठाऊक नसावे, किंवा ठाऊक असूनही करायचे नसावे. मध्येच एका दिवशी होते, 'खिडकीत मांजर आले. चौकशी नाही. निरंक.'

ते किती दिवस होते हे मी मोजले नाही. मोजायचे धैर्य झाले नाही.

जाळीपलीकडे नाना खुर्चीत बसले होते. दुपार असूनही झोपलेले नव्हते. रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली, तिच्याकडे ते वळण संपेपर्यंत पाहत राहिले. मला जाळीतूनच बोलता आले असते. पण जाळीतून मी आजवर जे बोललो होतो, ते सगळे शेऱ्यात लिहिलेले होते. मी उठून दारातून बाहेर गेलो आणि त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"काय रे? काय पाहिजे?" ते म्हणाले.

पासवर्ड विसरलो आहे, नवीन तुम्हीच ठेवा, मी रोज विचारीन, असे काहीतरी बोलायचे मी ठरवले होते. उभे राहिल्यावर ते मला ढोंग वाटले. कोणाला बरे वाटावे म्हणून विचारलेला प्रश्न ओळखता न येणारा मनुष्य त्या खुर्चीत बसलेला नव्हता. आणि मला खरोखरच एक गोष्ट माहीत नव्हती, जी मला माहीत असायला हवी होती.

"नाना," मी म्हणालो, "सुनंदाचा कोणता गुडघा दुखतो?"

नानांनी माझ्याकडे पाहिले. मग मान वळवून जाळीतून आत पाहिले. टेबलावरचा पडदा चालूच होता, नोंदवही उघडी होती. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला.

"ते तुला सांगू नका म्हणाली होती ती."

"हो. वाचलं मी."

"तरी विचारतोस."

"विचारतो."

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिले. मी उभा होतो. माझ्या हातात डबा नव्हता आणि मला कुठे जायचे नव्हते.

"डावा," नाना म्हणाले. "पन तेवढं ऐकीसन जाऊ नको. बठ आठे. बठ्ठं सांगस."

मी पायरीवर बसलो. त्यांनी खुर्ची माझ्याकडे फिरवली आणि अंगणवाडीच्या जिन्याला पायऱ्या किती, तिथून सांगायला सुरुवात केली.